गोकाकच्या गिरणीचा इतिहास कोणी लिहायचा?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या पुरवणीत गोकाकच्या धबधब्यावर एखादा लेख हमखास येतो, तसा तो यंदाही आला. घटप्रभेचे गढूळ लाल पाणी, सुमारे ५२ मीटर उंचीचा कडा, दोनशे मीटर लांबीचा झुलता पूल, काठावरची चालुक्यकालीन देवळे आणि परतताना बांधून घ्यायची करदंट ही मिठाई या सगळ्याची माहिती लेखात व्यवस्थित दिली होती. धबधब्याला लागूनच उभ्या असलेल्या सूतगिरणीची बोळवण मात्र एका वाक्यात झाली होती. बेळगाव जिल्ह्याचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा आर्थिक इतिहास ज्या एका जागेवरून सर्वांत स्पष्ट वाचता येतो ती जागा ही गिरणी आहे, असे मला वाटते. म्हणून हे पत्र.

प्रथम काही गोष्टी नोंदवतो. मुंबईत १७६७ पासून व्यापार करणाऱ्या फोर्ब्स यांच्या पेढीने, म्हणजे त्या काळच्या फोर्ब्स कॅम्पबेल कंपनीने, १८८५ मध्ये 'गोकाक वॉटर पॉवर अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' स्थापन केली आणि १८८७ मध्ये गिरणी सुरू झाली. कंपनीच्या नावात आधी पाण्याची शक्ती आणि मग उत्पादन येते, हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथाचा, बेळगाववरील खंड १८८४ मध्ये, म्हणजे कंपनी स्थापन होण्याच्या अगदी आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाला. आपल्याकडे गावाचा इतिहास लिहायला बसलेला माणूस पहिला हात त्या खंडाला घालतो आणि बहुतेक वेळा शेवटचाही त्यालाच घालतो. परिणामी गिरणीच्या पूर्वीचे गोकाक आपल्याला तालुकावार तपशिलासह ठाऊक असते आणि गिरणीनंतरचे गोकाक मात्र ऐकीव गोष्टींवर भागवावे लागते.

मुंबईपासून इतक्या दूर, बेळगाव शहरातही नव्हे तर नदीच्या कड्यावर, गिरणी का काढली गेली याचे पहिले उत्तर कापूस हे आहे. गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगल, अथणी हा जिल्ह्याचा पूर्वेकडचा पट्टा काळ्या जमिनीचा आणि त्याला लागून धारवाडचा कापूसपट्टा. येथला देशी कापूस 'कुमठा' या नावाने ओळखला जाई, कारण तो घाट उतरून कुमठ्याच्या बंदरातून जहाजावर चढे. १८४० नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून कापूस लागवडीचे जाणकार आणि न्यू ऑर्लिन्सचे बियाणे आणून हिंदुस्थानात अनेक ठिकाणी प्रयोग केले. त्यांतले बहुतेक फसले, पण धारवाडात ते बियाणे रुजले आणि 'धारवाड-अमेरिकन' हा वाण बाजारात नावाने विकला जाऊ लागला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात त्याच दक्षिणेकडील राज्यांत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना पोहोचेना, आणि मुंबईच्या बाजारात आपल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. भेसळ इतकी वाढली की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. युद्ध संपताच भाव कोसळले, सावकारी उरली आणि दशकभरात १८७६-७८ चा मोठा दुष्काळ आला. दुष्काळी मुलखात धान्य पोहोचावे हाही एक हेतू धरून आखलेली सदर्न मराठा रेल्वे ऐंशीच्या दशकात या भागात आली. कापूस होता, तो वाहून नेणारी गाडी आली, आणि दुष्काळात जमिनीवरून उठलेली माणसे कामाच्या शोधात होती. गिरणीची मांडणी भांडवलदाराने केली हे खरे. पण तिची जमवाजमव ही अशी आधीच्या पंचवीस वर्षांत झालेली होती.

दुसरे उत्तर पाणी. मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत आणि वाफेसाठी लागणारा कोळसा दुरून आणावा लागे. तो कोळसा घाट चढवून गोकाकपर्यंत आणणे परवडणारे नव्हते. आणि येथे तर शक्ती दिवसरात्र कड्यावरून खाली पडत होती. साधा हिशेब करून पाहावा: सेकंदाला एक घनमीटर पाणी ५२ मीटर खाली आणले तर तत्त्वतः सुमारे ५०० किलोवॅट, म्हणजे जवळजवळ पावणेसातशे अश्वशक्ती मिळू शकते. यंत्रांतली गळती वजा केली तरी त्या काळच्या सूतगिरणीच्या दृष्टीने हे प्रमाण मोठे होते. त्या काळच्या गिरणीत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर नसे; एक मुख्य दांडा फिरे आणि दोर व चामडी पट्टे यांच्याद्वारे ती गती मजल्यामजल्यांवरील यंत्रांना पोहोचवली जाई. गोकाकला त्या गतीच्या मुळाशी कड्याच्या पायथ्याचे पाणचक्र होते. अडचण एवढीच की घटप्रभा ही सह्याद्रीच्या पावसावर जगणारी नदी आहे आणि चैत्र-वैशाखात ती खडकांतून ओघळत राहते. पाणी अडवून ठेवल्याशिवाय बारमाही गिरणी चालणे शक्य नव्हते. वरच्या अंगाला धुपदाळचा बंधारा झाला, त्यातून गोकाकचा कालवा निघाला, आणि एकाच पाण्यावर शेती आणि कारखाना असे दोन हक्कदार उभे राहिले. त्यानंतर हिडकलचे धरण झाले तेव्हा नदीचे सगळे गणितच बदलले. आज पावसाळ्याखेरीज धबधबा रोडावलेला पाहून पर्यटक हिरमुसतात. त्या रोडावण्यामागे निसर्गाइतकीच ही पाणीवाटपाची कहाणी आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

येथे एका लाडक्या दाव्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. देशातली, किंबहुना आशियातली, पहिली जलविद्युत १८८७ साली गोकाकला निर्माण झाली असे आपण सर्रास लिहितो आणि छातीठोकपणे सांगतो. पाण्याच्या बळावर दांडा फिरवून चात्या, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्रांच्या फिरत्या काड्या, चालवणे आणि त्याच बळावर वीज निर्माण करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणजे दुसरी त्याच वर्षी झालीच असे ठरत नाही. हिंदुस्थानातील पहिल्या जलविद्युत केंद्राचा मान सामान्यतः दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंगला, म्हणजे १८९७ ला, दिला जातो आणि म्हैसूर संस्थानातल्या शिवनसमुद्रचे मोठे केंद्र १९०२ चे आहे. गोकाकचा दावा खरा असेल तर तो या दोहोंच्या आधीचा, आणि म्हणूनच तो कंपनीच्या मूळ कागदांवरून तपासला गेला पाहिजे. अभिमानाचा विषय आहे म्हणून त्याला पुरावा लागत नाही, ही वृत्ती मला मान्य नाही. आणि दावा न टिकला तरी बिघडत नाही, कारण कोळशाविना, केवळ पडत्या पाण्याच्या जोरावर एका खेडवळ तालुक्यात एवढी सूतगिरणी उभी राहिली, ही गोष्टच पुरेशी मोठी आहे.

आता सुताकडे वळतो, कारण गिरणीचा संबंध केवळ गोकाकशी नव्हता. बेळगावात शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत विणकरांची घरे पिढ्यानपिढ्या आहेत. शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. सराफी, रेशीम आणि लुगड्यांचा व्यापार यांसाठी त्याचे नाव होते आणि शहापुरी लुगडे घाटाखालीही पोहोचे. हातमागाला गिरणीने मारले, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याच्या आत डोकावून पाहायचे राहून जाते. गिरणीच्या सुताने पहिला घाव विणकरावर घातला नाही. तो सूत कातणाऱ्या बायकांवर पडला. घरोघरी चरख्यावर सूत काढून चार पैसे मिळवणाऱ्या, बऱ्याचदा विधवा किंवा वयस्क असलेल्या या स्त्रियांचे उत्पन्न आधी विलायती सुताने आणि मग देशी गिरण्यांच्या सुताने बुडवले, आणि त्याची कोठेही दखल घेतली गेली नाही, कारण त्यांना कारागीर म्हणून कोणी गणलेलेच नव्हते. विणकराला मात्र गिरणीच्या सुताने सुरुवातीला हात दिला: एकसारखे, लवकर न तुटणारे, हवे तेवढे सूत बाजारात मिळू लागले. त्याची किंमत त्याने पुढे मोजली. सूत उधारीवर देणारा व्यापारी हाच तयार लुगड्याचा गिऱ्हाईकही झाला, आणि मागाचा मालक असलेला माणूस हळूहळू स्वतःच्या घरातच मजूर झाला.

गिरणी आणि विणकर यांच्या नात्याची एक खूण आजही विणकरांच्या बोलण्यात आहे. ते सूत नंबरावर ओळखतात: वीस नंबर, चाळीस नंबर, साठ नंबर. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा नंबर, हे इंग्लंडच्या गिरण्यांतले माप आहे. म्हणजे वीस नंबरच्या एक पौंड सुताची लांबी १६,८०० यार्ड भरते. आखूड धाग्याच्या कुमठा कापसातून जाडे, कमी नंबरचे सूत निघे, आणि शेतकऱ्याच्या अंगावरचे धोतर-लुगडे त्याच सुताचे असे. दुसऱ्या महायुद्धात कापड आणि सूत दोन्ही दुर्मीळ झाले आणि १९४३ च्या नियंत्रण आदेशानंतर सुताची विक्री परवान्याखाली आली. पेठेत उधारीवर सूत उचलणाऱ्या माणसाला आता सरकारी कोट्याकडे डोळे लावून बसावे लागले. विणकरांच्या सहकारी संस्थांना त्या काळात जे बळ आले त्यात या टंचाईचा वाटा मोठा होता. तिकडे इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला होता आणि संस्थानाधिपतींच्या पाठबळाने त्या गावाने वेगळीच वाट धरली. बेळगावात यंत्रमाग पुढे आले, पण सूतगिरणी ते माग ते बाजार अशी जी साखळी इचलकरंजीने गावातल्या गावात बांधली ती आपल्याकडे जुळली नाही. असे का झाले, हा प्रश्न अभ्यासकांनी हाती घ्यावा असा आहे. माझ्या मते भांडवल आणि बाजारपेठ यांच्याबरोबरच १९५६ मध्ये बेळगाव मुंबई राज्यातून बाहेर गेल्यानंतर तुटलेले व्यापारी आणि प्रशासकीय संबंध हेही त्याचे एक कारण आहे.

सर्वांत कमी लिहिले गेले आहे ते गिरणीत राबलेल्या माणसांविषयी. गोकाकची गिरणी सुरू झाली तेव्हा १८८१ चा पहिला कारखाने कायदा लागू होता. त्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली होती आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तास काम करून घेण्यास मुभा दिली होती. मोठ्या माणसांच्या तासांना तर मर्यादाच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, आठवड्याच्या सुट्टीसाठी अर्ज केले, आणि १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने मुलांचे किमान वय नऊ केले आणि स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची सीमा घातली. पुरुषांना आठवड्याला साठ तासांची मर्यादा मिळायला १९२२ उजाडले आणि अठ्ठेचाळीस तासांसाठी १९४८ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. परळ-लालबागच्या बाबतीत या प्रत्येक टप्प्यावर काय घडले ते आपण सांगू शकतो. कड्यावरच्या या एकाकी गिरणीत, जिथे मालकही तोच, घरमालकही तोच आणि पाणीपुरवठा करणाराही तोच, तिथे हे कायदे कसे पाळले गेले किंवा मोडले गेले, याची मराठीत धड पन्नास पानेही नाहीत. भोंग्यावर उठणारी, पाळीवर जाणारी, सूत कातण्याच्या रिंग खात्यात दिवसभर तुटलेले धागे जोडणारी आणि कापूस विंचरण्याच्या, म्हणजे कार्डिंगच्या, धुरळ्यात खोकणारी माणसे गोकाक, कोन्नूर आणि आसपासच्या गावांची होती. त्यांत कन्नड बोलणारे सर्वाधिक, आणि मराठी व उर्दू बोलणारेही होते.

या दुर्लक्षाचे कारण मला आपल्या सीमेत दिसते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. त्यामुळे गिरणीच्या पहिल्या सत्तर वर्षांचा सरकारी पत्रव्यवहार मुंबईच्या दप्तरात आणि त्यानंतरचा कर्नाटकाच्या दप्तरात, अशी विभागणी होणे स्वाभाविक आहे. मराठी अभ्यासकाची कामगार इतिहासाची हद्द गिरणगावाशी आणि फार तर सोलापूरशी संपते, कारण गोकाक आता 'पलीकडे' आहे. बंगळूरहून पाहणाऱ्याला गिरण्या म्हटले की बंगळूर आणि दावणगेरे आठवतात. गोकाक त्याच्यासाठी 'मुंबई कर्नाटकातले' एक टोक आहे. सीमाप्रश्नावर आपण मराठी माणसांनी जेवढे लिहिले त्याच्या शतांशाने जरी या भागातल्या श्रमांवर लिहिले असते, तर ही पोकळी राहिली नसती. हे काहींना रुचणार नाही याची मला कल्पना आहे, पण सीमाभागाची ओळख केवळ फलकांच्या भाषेवरून ठरत नाही. येथे कोणी काय पिकवले, काय विणले आणि कोणाच्या दारात राबले यावरूनही ती ठरते.

ज्या अमेरिकी दक्षिणेच्या कापसाशी आपले नाते एकोणिसाव्या शतकात जुळले, तिथेही पुढे नदीकाठच्या ग्रामीण परगण्यांत सूतगिरण्या आणि कंपनीच्या मालकीच्या कामगार वसाहती उभ्या राहिल्या होत्या. उत्तर कॅरोलायनातील गॅस्टन परगण्याची लोरे गिरणी १९२९ च्या संपामुळे गाजली. त्या राज्याच्या विद्यापीठाने १९७३ मध्ये मौखिक इतिहासाचा विभाग सुरू केला आणि त्याच दशकात गिरण्यांतून निवृत्त झालेल्या स्त्री-पुरुषांना घरी गाठून त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. गिरण्या बंद पडण्याची मोठी लाट त्यानंतर आली, तेव्हा माणसांचे आवाज आधीच जतन झालेले होते. हे काम फार खर्चाचे नव्हते. ते वेळेवर केले गेले एवढेच. आपल्याजवळच्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये काढलेल्या गिरणीची यंत्रे थांबली आणि त्या जागेवर स्मारक उभारण्याची चर्चा वर्षानुवर्षे चालू राहिली, हा त्याच्या उलटचा धडा आहे. इमारतीचे काय करायचे ते सावकाश ठरवता येते, साक्षीदारांना मात्र तेवढा अवधी नसतो.

म्हणून माझी सूचना अशी. बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ, धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ यांच्या इतिहास विभागांनी गोकाकची गिरणी आणि बेळगावचे विणकर हा एकच विषय धरून कन्नड, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषांत मुलाखतींचे काम हाती घ्यावे. मुंबईतील दप्तर एकाने आणि कर्नाटकातील दप्तर दुसऱ्याने पाहिले, तर कोणत्याही एका राज्याच्या परवानगीवाचून निम्मे काम होण्यासारखे आहे. कंपनीने आपल्या ताब्यातील जुनी हजेरीपुस्तके, यंत्रांचे नकाशे आणि पाण्याच्या करारांची कागदपत्रे अभ्यासकांना खुली करावीत. वर उल्लेखिलेला विजेचा प्रश्नही त्यातूनच सुटेल. धबधब्यापाशी पर्यटन खात्याने जी पाटी लावायची त्यावर कड्याच्या उंचीबरोबर पाणचक्र, बंधारा आणि गिरणी यांचा संबंध तीन भाषांत लिहावा. झुलत्या पुलावर उभे राहून छायाचित्र घेणाऱ्या माणसाला हे वाचायला दोन मिनिटेसुद्धा लागणार नाहीत.

आपल्या वृत्तपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. ज्यांच्या घरी गिरणीचे हजेरीकार्ड, पगाराची पावती, युनियनच्या वर्गणीचा कागद, वसाहतीतल्या घराचा भाडेकरार, सुताच्या कोट्याचा परवाना किंवा खात्यातल्या मंडळींचा एखादा समूह-फोटो असेल, त्यांना आपण रविवारच्या पुरवणीतून आवाहन करावे. ऑगस्ट २०१९ मध्ये घटप्रभा आणि मार्कंडेय या नद्यांचे पाणी गोकाक शहरात घुसले तेव्हा ट्रंकांतले आणि फडताळांतले असे किती कागद गेले असतील याचा अंदाज करवत नाही, त्यामुळे पुढच्या पुराच्या आधी हे व्हायला हवे. मूळ कागद कोणी कोणाला देऊ नयेत. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे स्वच्छ छायाचित्र काढून पाठवावे आणि फोटो असेल तर त्याच्या मागे पेन्सिलीने साल, खाते आणि ओळखू येणाऱ्या माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहून ठेवावीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
वडगाव, बेळगाव